नवीन डिस्क फॉरमॅट करताना फाइल सिस्टिम कोणती निवडावी?

रानवारा

नमस्कार मंडळी,

गेलं वर्षभर आजीच्या आठवणी रेकॉर्ड करते आहे. तिचं वय ९१. ती बोलत बसते, मी समोर कॅमेरा लावून ठेवते. एकेका बैठकीचा व्हिडिओ ८ ते ११ जीबी भरतो. परवा त्यातला एक भावाला द्यायला ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायला गेले, तर 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश आला. पेनड्राइव्हवर २० जीबी जागा रिकामी दिसत होती! तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

सगळं एका जागी नीट राहावं म्हणून आता २ टीबीची बाहेरून जोडायची हार्डडिस्क घेतली आहे. फॉरमॅटच्या खिडकीत फाइल सिस्टिम विचारतात: एनटीएफएस की एक्सफॅट. भावाच्या मॅकवर तीच डिस्क लावली, तर तिथे आणखी वेगळीच नावं. डिस्क माझ्या विंडोज लॅपटॉपवर, त्याच्या मॅकवर आणि मुलीच्या लिनक्सवर चालायला हवी. आजीला टीव्हीवर स्वतःला पाहायला आवडतं, म्हणजे टीव्हीही आलाच. शिवाय त्या खिडकीत 'अलोकेशन युनिट साइझ' असा एक रकाना आहे आणि 'क्विक फॉरमॅट'समोर आधीच खूण केलेली आहे. त्यांचं काय करायचं?

नंतर बदलायचं तर सगळं पुसावं लागतं असं ऐकलंय, म्हणून डिस्क अजून कोरीच ठेवली आहे. ही रेकॉर्डिंग पुन्हा होणारी नाहीत.


मुळाक्षर

डिस्क कोरी ठेवलीत हे फार चांगलं केलंत. आधी पेनड्राइव्हचं कोडं सोडवतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

तुमचा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कची खतावणी. कुठल्या नावाची फाइल, केवढी, तिचे तुकडे डिस्कवर कुठेकुठे ठेवलेत, हे सगळं त्या खतावणीत असतं. फॅट३२ च्या खतावणीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना आहे. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तेवढ्या बाइटांची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी अशी फाइल चालते. त्यापुढची लांबी लिहायला रकान्यात घरंच उरत नाहीत. जागा २० जीबी असो की २०० जीबी, फाइल नाकारली जाणार. हा रकाना आखला तेव्हा एवढी मोठी फाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हती. फॅट३२ विंडोज ९५ च्या १९९६ मधल्या आवृत्तीबरोबर आली, आणि तिचं मूळ तर त्याच्याही जवळजवळ वीस वर्षं आधीचं.

नव्या डिस्कच्या खिडकीत फॅट३२ का दिसत नाही? विंडोजची ती खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीवरच्या डिस्कला फॅट३२ देऊच करत नाही. खुद्द फॅट३२ ला २ टीबीपर्यंतची डिस्क पेलते, पण तुमच्या फाइलींसाठी ती तशीही बाद आहे.

उरल्या दोन. एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली आणि विंडोजची घरची फाइल सिस्टिम झाली. एक्सफॅट २००६ ची. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड डोळ्यांसमोर ठेवून, फॅट३२ इतकीच सुटसुटीत पण ४ जीबीच्या अटीतून मोकळी अशी ती केली. ३२ जीबीपेक्षा मोठी कॅमेऱ्याची कार्डं येतात ती याच फाइल सिस्टिममध्ये, कारण त्या कार्डांच्या मानकातच ती नेमून दिलेली आहे.


पाऊलखूण

तुमच्याकडे विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही आहेत ना? मग एक्सफॅट. तिन्हीकडे वाचता येतं, तिन्हीकडे लिहिता येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. मॅकवर २०१० पासून चालते. लिनक्सवर पूर्वी त्रास होता, पण २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचं तपशीलवार वर्णन सगळ्यांसाठी खुलं केलं आणि त्यानंतर ती लिनक्सच्या गाभ्यातच आली. माझी प्रवासातली डिस्क चार वर्षं एक्सफॅटवर आहे.


कोनाडा

पाऊलखूण यांचं उत्तर सोयीच्या दृष्टीने बरोबर आहे. पण रानवाराताईंचं शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं: 'ही रेकॉर्डिंग पुन्हा होणारी नाहीत.' म्हणून माझ्यावर गुदरलेला प्रसंग सविस्तर लिहितो.

माझ्याकडे एक्सफॅटची डिस्क होती. तीन महिन्यांचं ध्वनिमुद्रण तिच्यावर साठवलेलं आणि दुसरी प्रत नाही. एकदा कॉपी चालू असताना टेबलावरची वही ओढली, वहीबरोबर केबल ओढली गेली आणि क्षणभर जोडणी तुटली. लगेच पुन्हा लावली, तर 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?' असा प्रश्न समोर आला. मी 'नाही' म्हटलं, ते एक नशीब. नंतर डेटा परत मिळवणाऱ्या प्रोग्रामने बऱ्याच फाइली बाहेर काढल्या, पण एकाही फाइलला नाव नव्हतं, तारीख नव्हती, फोल्डर नव्हते. १,४०० च्या वर फाइली, नुसत्या क्रमांकांच्या. एकेक उघडून, ऐकून, कोणाचा आवाज आणि कधीचा ते ओळखत बसलो. ज्या फाइली डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरल्या होत्या, त्या अर्ध्यावरच तुटलेल्या निघाल्या.

असं का झालं, ते मागाहून वाचून समजलं. मुळाक्षर यांनी खतावणीचा दाखला दिला आहे, तोच पुढे नेतो. जुन्या हिशेबात व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचे आणि मग खतावणीत चढवायचे. चढवताना मध्येच हात थांबला तरी कीर्द पाहून काम पुरं करता येई. एनटीएफएसमध्ये अशी कीर्द आहे. रचनेत काही बदलायचं असेल तर ते आधी तिथे नोंदवलं जातं. मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली, तर पुढच्या जोडणीला कीर्द वाचून अर्धवट नोंद एक तर पुरी होते किंवा मागे घेतली जाते. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये कीर्द आहे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लसमध्येही आहे. एक्सफॅटमध्ये ती नाही. फॅट३२ मध्येही नाही, पण तिथे निदान तुकड्यांच्या तक्त्याच्या दोन प्रती तरी असतात; एक्सफॅटमध्ये सहसा एकच.

म्हणून माझं मत असं: जी डिस्क जपून ठेवायची तिच्यावर कीर्द असलेली फाइल सिस्टिम हवी. जी डिस्क इकडून तिकडे न्यायची, जिच्यावरचं सगळं दुसरीकडे आहेच, तिथे एक्सफॅट खुशाल वापरावी.


मुळाक्षर

कोनाडा, वाचून वाईट वाटलं. रोजकीर्दीचा दाखला चपखल आहे, फक्त त्यात एक भर घालतो, कारण इथे पुष्कळांची चुकीची समजूत असते. एनटीएफएसची कीर्द रचना वाचवते, फाइलच्या आतला मजकूर वाचवतेच असं नाही. कॉपी होत असलेला व्हिडिओ केबल निघाल्यावर अर्धाच राहू शकतो. वाचतात त्या आधीपासून नीट बसलेल्या बाकीच्या फाइली, त्यांची नावं आणि फोल्डर. ईएक्सटी४ ची नेहमीची मांडणीही अशीच आहे.

आणि कीर्द असो वा नसो, डिस्क काढताना आधी 'सुरक्षितपणे काढा' म्हणायचं आणि प्रणालीने हो म्हटल्यावरच केबल काढायची. पडद्यावर कॉपी संपलेली दिसली तरी शेवटचा भाग कधीकधी अजून संगणकाच्या स्मृतीतच असतो. लिनक्सवर हे फार जाणवतं. तिथे पट्टी भरून जाते आणि डिस्कचा दिवा पुढे मिनिटभर लुकलुकत राहतो.


रानवारा

कोनाडादादा, एवढं सविस्तर लिहिलंत म्हणून खरंच आभार. वाचताना पोटात गोळा आला.

म्हणजे एनटीएफएस घ्यावी. पण भावाच्या मॅकवर ती चालेल का? तो हे व्हिडिओ संपादित करतो, त्यामुळे त्याला नुसतं पाहून भागत नाही.


तळटीप

मॅक एनटीएफएस वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. डिस्क लावली की फाइली दिसतील, उघडतील, कॉपी करून घेता येतील. नवी फाइल टाकायला गेलात की अडेल. लिहिण्यासाठी वेगळे प्रोग्राम मिळतात, पण आजीच्या रेकॉर्डिंगवर बाहेरच्या प्रोग्रामला लिहू द्यायला माझं मन धजणार नाही.

लिनक्सवर आता अडचण नाही. एनटीएफएस-३जी हा प्रोग्राम २००७ पासून आहे आणि २०२१ मध्ये ५.१५ या आवृत्तीपासून गाभ्यातच एनटीएफएस लिहिण्याची सोय आली. मात्र मुलीला एक गोष्ट सांगून ठेवा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. तिच्यामुळे 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. डिस्क जोडलेली असतानाच लॅपटॉप असा बंद केला आणि मग ती उपटून लिनक्सला लावली, तर लिनक्सला तिचा हिशेब अजून उघडा दिसतो आणि ते नुसतं वाचू देतं. त्यात बिघाड काही नाही, लिनक्स सावध वागत असतं. डिस्क विंडोजला परत लावावी, नीट काढावी, मग लिनक्सला न्यावी. जबरदस्तीने लिहायचा पर्याय वापरू नये.

भावासाठी सोपा मार्ग: तसंही संपादन त्याने मॅकच्या आतल्या डिस्कवरच करावं, वेगाने होतं. मूळ फाइल तुमच्या एनटीएफएस डिस्कवरून कॉपी करून घ्यायची आणि तयार झालेली फाइल एक्सफॅट पेनड्राइव्हवरून तुम्हाला परत द्यायची. याचा आणखी एक फायदा आहे. तुमच्या मूळ रेकॉर्डिंगवर त्याच्याकडून चुकूनही काही लिहिलं जाणार नाही.


सांजवेळ

डिस्कचे दोन भाग केले तर? १.५ टीबी एनटीएफएस आणि उरलेला एक्सफॅट. एकाच डिस्कमध्ये दोन्ही.


कोनाडा

करता येतं, मीही काही दिवस करून पाहिलं. पण मग एक्सफॅटच्या भागासाठी म्हणून जपायची डिस्क रोज पिशवीतून हिंडू लागते. पडली तर दोन्ही भाग एकदमच पडतात. ने-आण करायला वेगळी वस्तू असलेली बरी.


धूळपाटी

मॅकवर दिसणाऱ्या 'वेगळ्या नावां'बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात लिहितो. तिथे एपीएफएस दिसेल. ती ॲपलने २०१७ पासून आणली आणि ती मुख्यतः एसएसडीसाठी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कसाठी आखलेली आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर ती वापरता वापरता मंदावते. मॅक ओएस एक्स्टेंडेड म्हणजे एचएफएस प्लस, १९९८ ची. दोन्ही विंडोजला कळत नाहीत, तेव्हा तुमच्या कामाच्या नाहीत.

लिनक्सची ईएक्सटी४ उत्तम आहे. मी स्वतः तिच्यावरच असतो, पण विंडोजला तीही अनोळखी. इथे एक धोका आहे आणि तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा: विंडोजला ओळखू न येणारी डिस्क लावली की ती 'फॉरमॅट करायची का?' असं विचारते. जणू डिस्कच बिघडली आहे. प्रत्यक्षात डिस्क धडधाकट असते, विंडोजला ती भाषा येत नसते एवढंच. घाईत कोणी 'हो' म्हणालं की संपलं. घरात चार माणसं एक डिस्क हाताळणार असतील, तर एवढं कारणसुद्धा ईएक्सटी४ टाळायला पुरेसं आहे.

कोणी निव्वळ लिनक्ससाठी ईएक्सटी४ करणार असेल तर: ती ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते. २ टीबीवर ती १०० जीबी होते. प्रणालीच्या डिस्कवर ही राखीव जागा उपयोगी पडते, नुसत्या साठवणुकीच्या डिस्कवर नाही. फॉरमॅट झाल्यावरही, काही न पुसता, ती शून्यावर आणता येते.


काना_मात्रा

तुम्ही सगळे आकाराबद्दल बोलता आहात. मला नावांबद्दल बोलायचं आहे, कारण आपण फाइलींना मराठीत नावं देतो आणि तिथे फाइल सिस्टिम फार फरक पाडतात. हे मी ठेच लागून शिकले.

एनटीएफएस आणि एक्सफॅटमध्ये फाइलचं नाव २५५ चिन्हांपर्यंत चालतं. ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटांची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्याला फरक कळतच नाही. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे २५५ भागिले ३, फक्त ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्त चिन्ह, सगळी वेगळी मोजली जातात. 'स्वातंत्र्योत्तर' हा शब्द घ्या. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात: स्वा, तं, त्र्यो, त्त, र. आत चिन्हं आहेत १६, बाइट ४८. असे पाच शब्द आणि मधल्या मोकळ्या जागा झाल्या की ईएक्सटी४ चं नाव संपत आलं. मी लेखांना पूर्ण शीर्षकाची नावं द्यायचे. विंडोजवर सगळं सुरळीत, आणि लिनक्सवर प्रत घेताना 'फाइलचं नाव फार लांब आहे' म्हणून ४० लेख मागे राहिले. कॉपी होताना मी चहा प्यायला उठले होते. यादी तपासली नसती तर कळलंही नसतं.

दुसरी गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. आपला 'ऱ', म्हणजे 'दुसऱ्या', 'करणाऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्यांची चिन्हं साठवण्याच्या पद्धतीत, तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक तर 'ऱ' हे एकसंध चिन्ह, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. दिसायला दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव साठवताना एकसंध चिन्हं फोडून ठेवायची. तुम्ही 'ऱ' टाइप केलात तरी डिस्कवर 'र' आणि नुक्ता जायचा. लिनक्सची ईएक्सटी४ नावाकडे फक्त बाइटांची माळ म्हणून पाहते, त्यामुळे तिच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. जुन्या मॅकवरून आलेली 'दुसऱ्या दिवशी' आणि विंडोजवरून आलेली 'दुसऱ्या दिवशी' एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी बसतात आणि माणूस डोळे चोळत राहतो. एपीएफएसने हे सुधारलं. ती नाव दिलं तसंच ठेवते आणि दोन्ही रूपं एकच मानते.

आणखी एक. विंडोज नावात अपूर्णविराम म्हणजे कोलन, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हाची सरळ दुहेरी खूण हे काही चालू देत नाही. लिनक्सवर 'भाग १: आजीचं बालपण' असं नाव खुशाल देता येतं, पण ती फाइल पुढे एक्सफॅटवर जाताना अडते.

तेव्हा रानवाराताई, नावं छोटी ठेवा. आधी तारीख, मग दोन-तीन शब्द. सविस्तर वर्णन आत एका मजकूर फाइलमध्ये लिहा.


रानवारा

काना_मात्रा, हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं! माझ्या फाइलींची नावं 'आजीने सांगितलेल्या दुसऱ्या घराच्या आठवणी आणि विहिरीजवळच्या झाडाची गोष्ट' अशी आहेत. आज रात्री बसून बदलते.

अलोकेशन युनिटचं मात्र अजून कळलं नाही.


मुळाक्षर

डिस्कची जागा फाइलीला सुटी मिळत नाही, ठरावीक मापाने मिळते. त्या मापाला अलोकेशन युनिट किंवा क्लस्टर म्हणतात. माप ४ केबीचं असेल आणि फाइल १ केबीची, तरी पूर्ण ४ केबी तिच्या नावे जातात.

एनटीएफएस १६ टीबीपर्यंतच्या डिस्कवर आपणहून ४ केबीचं माप घेते. एक्सफॅट विंडोजमध्ये ३२ जीबीच्या वर गेली की १२८ केबी घेते. आता समजा कोणाकडे २ केबीच्या एक लाख मजकूर फाइली आहेत. खरा मजकूर २०० एमबीच्या आसपास. एनटीएफएसवर त्याला ४०० एमबी लागतील, एक्सफॅटवर १२ जीबीच्या वर. 'फोल्डर केवढं' आणि 'डिस्कवर केवढं' हे दोन आकडे वेगळे दिसतात ते यामुळे.

तुमच्या फाइली ८ ते ११ जीबीच्या. शेवटच्या मापात थोडी जागा वाया गेली तरी फाइलमागे १२८ केबीच्या आतच. त्या रकान्याला हात लावू नका, जे आपोआप आलं आहे ते राहू द्या.


तळटीप

क्विक फॉरमॅट: खूण असेल तर फक्त नवी, रिकामी खतावणी लिहिली जाते. काही सेकंदांचं काम. खूण काढली तर विंडोज व्हिस्टापासून पुढे संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात आणि खराब जागा तपासल्या जातात. सेकंदाला १२० एमबी वेग धरला तर २ टीबीला साडेचार तासांच्या वर.

नव्या फिरत्या डिस्कवर मी एकदा तरी हे पूर्ण फॉरमॅट करतोच. डिस्कमध्ये दोष असेल तर आपला डेटा चढण्याआधी दिसावा. एसएसडीवर याची गरज नाही, उगाच झीज होते.

याच कारणाने जुनी डिस्क कोणाला देताना क्विक फॉरमॅटवर विसंबू नये. खतावणी कोरी झाली तरी मजकूर जागच्या जागी असतो आणि साध्या प्रोग्रामने परत निघतो.


सांजवेळ

फॉरमॅट झाल्यावर २ टीबीऐवजी १.८१ टीबी दिसेल, घाबरू नका. बनवणारे टीबी मोजतात दहाच्या पटीत, विंडोज मोजते दोनच्या पटीत. चोरी झालेली नाही.

पुढे कधी २ टीबीपेक्षा मोठी डिस्क घेतलीत तर विभाजनाचा तक्ता (डिस्कचा कोणता भाग कुठून सुरू होतो याची नोंद) जीपीटी प्रकारचा निवडा. जुन्या एमबीआर प्रकारात क्रमांक ३२ बिटांचे असल्यामुळे साधारण २.२ टीबीच्या पलीकडची जागा वापरताच येत नाही. म्हणजे ३२ बिटांच्या रकान्याची तीच जुनी गोष्ट, जागा वेगळी.


धूळपाटी

टीव्हीचा मुद्दा राहिला. फॅट३२ जवळजवळ सगळे टीव्ही वाचतात. एक्सफॅट आणि एनटीएफएस ज्याच्या त्याच्या मॉडेलवर. माहितीपुस्तिकेत 'यूएसबी'च्या प्रकरणात लिहिलेलं असतं.

नाहीच वाचलं, तर टीव्हीसाठी व्हिडिओची लहान प्रत करावी. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने एका तासाचा व्हिडिओ ३.६ जीबीचा होतो, म्हणजे फॅट३२ च्या अटीत बसतो. आजीला पाहायला तेवढी स्पष्टता पुष्कळ आहे आणि मूळ फाइल जिथे आहे तिथेच सुरक्षित राहते.


पाऊलखूण

कोनाडा यांचा अनुभव वाचून माझी प्रवासातली डिस्क काढून पाहिली. तिच्यावर दोन फोल्डर असे सापडले ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आज ती केली. एक्सफॅट सोडणार नाही, पण तिच्यावर एकुलतं एक काही ठेवणार नाही.


तळटीप

लांब पल्ल्याच्या जपणुकीचा विचार चाललाच आहे तर बीटीआरएफएस आणि झेडएफएस यांचाही उल्लेख व्हायला हवा. एनटीएफएस असो की ईएक्सटी४, फाइलच्या आतला एखादा बिट कालांतराने गुपचूप बदलला तर त्यांना ते कळत नाही. या दोन फाइल सिस्टिम मजकुराच्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची तपासबेरीज, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेली एक छोटी संख्या, साठवतात आणि वाचताना ताडून पाहतात. जुळलं नाही तर खोटा मजकूर देण्याऐवजी चूक सांगतात, आणि दुसरी चांगली प्रत जवळ असेल तर दुरुस्तही करतात. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००५ मध्ये बाहेर आणली, बीटीआरएफएस २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. माझ्या घरच्या साठवणीच्या यंत्रात दोन डिस्कांवर झेडएफएस आहे आणि तिने एकदा दगावत चाललेली डिस्क मला वेळेवर दाखवून दिली आहे.

पण यांपैकी एकही विंडोजच्या घरची नाही, म्हणून ताईंना सुचवत नाही. त्यांनी एवढंच करावं: प्रत्येक फाइलची शा-२५६ तपासबेरीज काढून एका मजकूर फाइलमध्ये ठेवावी. तिन्ही प्रणालींमध्ये त्याची सोय आहे. दर सहा महिन्यांनी पुन्हा काढून ताडावी. एक बिट जरी हलला तरी बेरीज बदलते.


रानवारा

आठवड्याने परत आले. काय केलं ते सांगते.

२ टीबीची डिस्क एनटीएफएस केली, क्विकची खूण काढून. रात्री लावली, सकाळी झालेली होती, दोष निघाला नाही. माप बदललं नाही. ३२ फाइलींची नावं लहान केली: तारीख आणि दोन शब्द. 'दुसऱ्या' हा शब्द नावातून काढला, वर्णनाच्या फाइलमध्ये ठेवला.

पेनड्राइव्ह एक्सफॅट करायचा होता. फॅट३२ वरून काही न पुसता एनटीएफएसवर जाता येतं, पण एक्सफॅटवर नाही, असं मुलीने शोधून सांगितलं. म्हणून त्यातलं सगळं आधी लॅपटॉपवर उतरवलं, मग फॉरमॅट केलं. ११ जीबीची ती फाइल या वेळी निमूट गेली. भावाच्या मॅकवर उघडली. एनटीएफएसची डिस्कही त्याच्याकडे लावून पाहिली, तळटीप म्हणाले तसंच झालं: सगळं दिसतं, लिहिता येत नाही. ठीक आहे, मला तेच हवं आहे.

टीव्हीने एक्सफॅट वाचली नाही. जुन्या ८ जीबीच्या फॅट३२ पेनड्राइव्हवर लहान प्रत करून दिली. आजीने सलग दोनदा पाहिली आणि एक नाव चुकीचं सांगितलंय म्हणाली. ते दुरुस्त करायला रविवारी पुन्हा बसणार आहोत.

आता दुसरी डिस्क घेते आहे, दुसऱ्या प्रतीसाठी. ती मुलीकडे राहील. तिचा संगणक लिनक्स, तर तीही एनटीएफएसच करू की ईएक्सटी४?


कोनाडा

एनटीएफएसच करा. पहिली डिस्क ज्या दिवशी दगा देईल, त्या दिवशी दुसरी तुमच्या लॅपटॉपला लावावी लागेल, आणि तेव्हा समोर 'फॉरमॅट करायची का?' हा प्रश्न नको.